एक्झॉस्ट प्रेशरचा कोड आला, पण सेन्सर खरंच बिघडलाय का?

एक्स्कॅव्हेटर असो, डंपर असो की लोडर, तक्रार साधारण सारखीच असते. मशीन लोड घेत नाही, पॅनेलवर दिवा लागलाय, आणि स्कॅनर लावला की एक्झॉस्ट प्रेशरचा, म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या दाबाचा, बिघाड-कोड दिसतो. पुढचं पाऊलही ठरलेलं: सेन्सर बदला. कोड जातो, मशीन कामाला लागतं, आणि काही दिवसांनी तोच दिवा पुन्हा लागतो. मग खापर फुटतं नव्या सेन्सरवर.

खरं तर कोडने सेन्सरला दोषी ठरवलेलंच नसतं. आपल्यापर्यंत आलेला आकडा पटत नाही, एवढंच कंट्रोलर (इंजिन सांभाळणारा संगणक) सांगतो. तो आकडा पोचायला तीन टप्पे लागतात: पाइपातला खरा दाब, तो सेन्सरपर्यंत आणणारी नळी आणि पुढची वायर. सेन्सर त्यांच्या मध्ये कुठेतरी असतो, आणि माझ्या मते संशयितांच्या यादीत त्याचं नाव शेवटी यायला हवं.

सेन्सरच्या आत सिलिकॉनचा एक अतिशय पातळ पडदा असतो. दाबाने तो किंचित वाकतो आणि त्यावरच्या रोधकांचा विद्युतरोध बदलतो. ताण दिल्यावर सिलिकॉनचा रोध धातूंच्या मानाने कितीतरी पटींनी जास्त बदलतो, हे सी. एस. स्मिथ यांनी १९५४ साली दाखवलं. आजचे बहुतेक प्रेशर सेन्सर त्याच गुणधर्मावर चालतात. सेन्सरला तीन वायरी येतात: कंट्रोलरकडून ५ व्होल्टचा पुरवठा, अर्थिंग आणि सिग्नल. सिग्नल साधारण ०.५ ते ४.५ व्होल्टच्या दरम्यान फिरतो. शून्यापासून पाचपर्यंत का नाही? मुद्दामच. दाब कितीही कमी झाला तरी सिग्नल शून्यावर जात नाही, त्यामुळे शून्याच्या आसपासचा व्होल्ट दिसला की ही दाबाची गोष्ट नसून वायर तुटली किंवा कुठेतरी टेकली आहे, हे कंट्रोलरला कळतं.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डमधला (सिलिंडरांतला धूर गोळा करणाऱ्या पाइपातला) वायू लोडवर ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. इतक्या उष्णतेत इलेक्ट्रॉनिक्स टिकणार नाही, म्हणून सेन्सर लांब बसवतात आणि मध्ये धातूची बारीक नळी टाकतात. माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ याच नळीत होतात. तिच्यात वायू वाहत नाही, फक्त दाब पोचतो. त्यामुळे काजळी येऊन बसते ती बसतेच. मशीन थंड झालं की वाफेचं पाणी होतं, त्यात आम्ल मिसळतं, काजळीचा लगदा होतो आणि तो पुढच्या उष्णतेत घट्ट वाळतो. थंड प्रदेशात नळीतलं पाणी गोठून तीच अडचण होते, फक्त तिथे इंजिन तापलं की बिघाड आपोआप नाहीसा होतो आणि मेकॅनिक येईपर्यंत सगळं ठीक दिसतं.

या सगळ्याची पहिली तपासणी फुकट आहे आणि इंजिन सुरू करण्याआधीच होते. चावी ऑन करा, स्टार्ट करू नका. इंजिन बंद असताना एक्झॉस्टमध्ये बाहेरच्या हवेचाच दाब असतो. समुद्रसपाटीला तो सुमारे १०१ किलोपास्कल, १५०० मीटर उंचीवर साधारण ८५. स्कॅनरवर एक्झॉस्ट, इन्टेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारा पाइप) आणि वातावरण या तिन्ही दाबांचे आकडे शेजारी ठेवून बघा. ते जवळपास सारखे यायला हवेत. दोन जुळले आणि तिसरा वेगळाच काही सांगत असेल, तर चूक तिसऱ्याची. फक्त एवढं बघून घ्यायचं की तुमचा स्कॅनर निरपेक्ष दाब दाखवतोय की वातावरणाच्या वरचा. दुसऱ्या प्रकारात बंद इंजिनला शून्य दिसणं हेच बरोबर असतं. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे चांगले सेन्सर कचऱ्यात जातात.

आता इंजिन सुरू करून रेझ करा आणि बंद करा. बाकीचे आकडे लगेच खाली आले आणि एक्झॉस्टचा मात्र रेंगाळत उतरला, तर दाब नळीत अडकलाय. अर्धवट तुंबलेली नळी अशीच वागते: स्थिर दाब बरोबर दाखवते, झटपट होणारा चढउतार गिळून टाकते. नळी पूर्ण बंद असेल तर लोडवरही आकडा हलत नाही. साफ करताना आधी सेन्सर काढा. तो जागेवर ठेवून कंप्रेसरची हवा मारली, तर धडधाकट पडदा तिथेच फाटतो आणि नसलेला बिघाड खरा होतो.

वायरिंगकडे वळण्याआधी कोड नीट वाचावा. अवजड यंत्रांत कोड आणि माहिती पाठवायला बहुधा जे१९३९ ही पद्धत असते. तिच्यात एसपीएन हा आकडा तक्रार कशाबद्दल आहे ते सांगतो (एक्झॉस्ट दाबासाठी १२०९) आणि एफएमआय हा आकडा तक्रार काय आहे ते. एफएमआय ३ म्हणजे व्होल्ट प्रमाणापेक्षा जास्त, ४ म्हणजे कमी. हे दोन्ही विजेचे कोड. इथे नळी साफ करत बसण्यात अर्थ नाही. एफएमआय २ म्हणजे आकडा विसंगत, तिथे नळी आणि कनेक्टर आधी बघा. एफएमआय ० आला तर मामला वेगळाच: आकडा विश्वासार्ह आहे, दाबच खरोखर जास्त आहे.

विजेच्या कोडवर एक सोपी युक्ती आहे. कनेक्टर काढा आणि कोड बदलतो का बघा. मग कंपनीच्या पुस्तिकेत परवानगी असेल तर फ्यूज असलेल्या जंपरने (जोडवायरीने) हार्नेसच्या, म्हणजे मशीनच्या वायरींच्या, बाजूला सिग्नल ५ व्होल्टला जोडा. 'कमी'चा कोड जाऊन 'जास्त'चा आला, तर कंट्रोलर आणि सिग्नलची वायर दोन्ही शाबूत आहेत. आता सेन्सरवर संशय घ्यायला हरकत नाही. कोड ढिम्म हलला नाही तर बिघाड वायरीत किंवा त्याच्याही पुढे, आणि नवा सेन्सर घेऊन काहीच होणार नाही. अर्थिंग तुटलं की सिग्नल वर चढून ५ व्होल्टच्या जवळ जातो, हेही ध्यानात ठेवावं. एकदम चार-पाच सेन्सरांचे कोड आले तर सगळे एकाच वेळी मेले असं मानू नका. ५ व्होल्टचा पुरवठा बऱ्याचदा सामायिक असतो आणि त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांना खाली ओढतो. एकेक कनेक्टर काढत जा. ज्याच्या वेळी व्होल्ट परत येतील तोच चोर.

सेन्सर बदलल्यावर काही दिवस बरं का वाटतं, याचं उत्तरही बऱ्याचदा कनेक्टरमध्येच असतं. तो काढून पुन्हा बसवताना पिनांवरचा गंज खरवडला जातो आणि संपर्क तात्पुरता सुधारतो. जुनाच सेन्सर काढून परत लावला असता तरी तेच झालं असतं.

दाब खरोखर जास्त असेल तर कारणं यांत्रिक: तुंबलेला कण-फिल्टर म्हणजे डीपीएफ, बंद स्थितीत अडकलेल्या टर्बोच्या पात्या, अर्धवट मिटून राहिलेला एक्झॉस्ट ब्रेक, चेपलेला पाइप. खात्रीसाठी पोर्टला साधा यांत्रिक गेज लावावा. काट्याच्या गेजला ना ५ व्होल्ट लागतात ना कंट्रोलर, आणि त्याचा आकडा स्कॅनरशी जुळला की सेन्सर निर्दोष सुटतो.

डीपीएफवर मात्र थोडं जास्त सांगायला हवं, कारण तिथला सेन्सर फिल्टरच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबांमधला फरक मोजतो आणि त्याला दोन होज असतात. होज उलटसुलट लागले तर फरक ऋण येतो. हे लगेच पकडता येतं. फिल्टरच्या आधीचा होज चिरला की गळतीमुळे फरक कमी दिसतो, आणि माझ्या लेखी हा सगळ्यात वाईट प्रकार. आकडा चुकून जास्त आला तर विनाकारण रिजनरेशन (फिल्टरमधली काजळी जाळणं) होतात, ताकद कमी केली जाते, ऑपरेटर वैतागतो, पण कोणीतरी लक्ष तरी देतं. चुकून कमी आला तर सगळं आलबेल दिसतं आणि काजळी साचत राहते. ती जाळायला सुमारे ६०० अंशांची उष्णता दिली जाते; साठा बेसुमार असेल तर जळण आटोक्याबाहेर जातं आणि फिल्टरचं सिरॅमिक चिरतं किंवा वितळतं. होजची किंमत आणि फिल्टरची किंमत यांची तुलना न केलेली बरी.

दुरुस्तीनंतर कोड पुसून मशीन परत देऊ नये. लोडवर चालवून आकडा इंजिनबरोबर वरखाली होतोय ना ते बघावं. डीपीएफचा सेन्सर बदलला असेल तर काही कंट्रोलरांना नवा शून्य बिंदू स्कॅनरमधून शिकवावा लागतो. हे राहून गेलं तर नव्या सेन्सरच्या आकड्यातही जुन्या सेन्सरसाठीचीच बेरीज-वजाबाकी होत राहते.