यंदा बसचा आवाज येणार नाही

घोडबंदर रोड आणि कोलशेत मार्गावरच्या पालकांसाठी माहितीपत्रक

पालकहो, नमस्कार.

जूनपासून आपल्या बारा स्कूल बसपैकी चार विजेवर धावणार आहेत. कासारवडवली, वाघबीळ, पातलीपाडा आणि कोलशेत हे ते चार मार्ग. वर्तकनगर, नौपाडा, कोपरीच्या मुलांना सध्या डिझेलच. व्हॉट्सअॅप ग्रुपवर इतके प्रश्न आले, की एकेकाला उत्तर देण्यापेक्षा हे छापून दप्तरात घालणं सोपं वाटलं.

आधी रोजच्या कामाची गोष्ट. आजवर बस कोपऱ्यावर वळली की तिची घरघर चौथ्या मजल्यापर्यंत पोचायची. मग डबा पिशवीत, बूट पायात आणि लिफ्टचं बटण. मार्चमध्ये एक बस आम्ही वाघबीळला चालवून पाहिली, तर पहिल्याच आठवड्यात सात मुलांची बस चुकली. बस वेळेवर होती, फक्त आवाज नव्हता. तेव्हा कृपा करून पाच मिनिटं आधी गेटवर या, आणि सोबत धाकटं भावंड असेल तर त्याचा हात सोडू नका. मागून येणारी बस त्याला कळणार नाही. बसमधल्या मावशी उतरून मागे उभ्या राहिल्याशिवाय ड्रायव्हर रिव्हर्स घेणार नाही, असा नियम आम्ही केला आहे. बसचा रंग पिवळाच राहील. ओळखायची खूण म्हणजे नंबरप्लेट: हिरवी पाटी, पिवळे आकडे.

पण बदलायची गरज काय होती?

शाळेची बस धावते कमी, उभी राहते जास्त. कासारवडवलीच्या सकाळच्या फेरीत एकोणीस थांबे आहेत, वर सिग्नल, वर मेट्रोच्या कामाचे पत्रे. शाळेपाशी पोचल्यावर पुन्हा रांग. एसी चालू ठेवायचा तर इंजिन चालू ठेवावं लागतं, आणि जागच्या जागी उभ्या बसलाही तासाला लिटर-दीड लिटर डिझेल लागतं. त्यात रांग अशी की पुढच्या बसचा सायलेन्सर मागच्या बसच्या दाराशी. पहिलीतलं मूल दप्तर सावरत उतरतं ते थेट त्या धुरात. डिझेलच्या धुराने कॅन्सर होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलं आहे. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा भरभर चालतो, हे तर कोणत्याही आईला ठाऊक असतं.

“नवीन डिझेल बस धूर सोडत नाहीत ना?” असं एका बाबांनी विचारलं. बरोबर आहे. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ हे कडक नियम आले, डिझेलमधलं गंधकाचं प्रमाण ५० वरून १० पीपीएमवर (दहा लाख भागांत दहा भाग) आलं आणि सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर बसला. आमच्याकडेही तशा तीन बस आहेत. पण तो फिल्टर साफ व्हायला धूर चांगला तापावा लागतो, आणि दहा पावलं चालून थांबणाऱ्या बसमध्ये तो तापतच नाही. मग फिल्टर चोक होतो, डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि रविवारी ड्रायव्हर रिकामी बस घेऊन माजिवड्याहून नाशिक हायवेला पळवत नेतो, नुसती काजळी जाळायला. मुलांना शाळेत सोडण्यासाठी घेतलेल्या गाडीला रविवारची रपेट घडवायची, हे आम्हाला तरी पटेना.

विजेची बस उभी असते तेव्हा मोटार फिरतच नाही. एसीला आणि दिव्यांना लागेल तेवढीच वीज जाते. ड्रायव्हरने पाय उचलला की चाकांच्या जोरावर मोटार उलट वीज तयार करते आणि ती थोडीफार बॅटरीत परत जाते. म्हणजे ज्या थांबत-थांबत चालण्याने डिझेल बसचा जीव जातो, तेच हिला मानवतं.

तरीही “शून्य प्रदूषण” हे शब्द आम्ही बसवर लिहिलेले नाहीत. महाराष्ट्रातली बरीचशी वीज अजून कोळशावरच होते. धूर संपला नाही, तो चंद्रपूरकडे सरकला, आणि शाळेत जाणारी मुलं तिकडेही आहेत. पण वाहनाच्या नळीतून थेट मुलाच्या नाकात जाणं तरी थांबतं, आणि सध्या आमच्या हातात तेवढंच आहे. टायरची आणि रस्त्याची धूळ आहे तशीच राहणार.

चार्जिंग

रात्री कोलशेतच्या आमच्या जागेत, स्वतंत्र वीजजोडणीवर. सकाळची शिफ्ट सोडून बस नऊला परत येतात आणि साडेअकरापर्यंत उभ्याच असतात, तेव्हा बॅटरी आणखी थोडी भरून घेतो. एका बसला दिवसाला साठ-सत्तर किलोमीटर पडतात. कंपनीने सांगितलेलं अंतर मुलांनी भरलेली बस आणि उन्हाळ्यातला एसी धरला तर मिळत नाही, हे चाचणीत दिसलं, पण तरी संध्याकाळी जवळपास निम्मी बॅटरी शिल्लक असते. रात्रभर वीज गेलीच तर दोन डिझेल बस राखीव आहेत. मुलं बसमध्ये असताना चार्जर कधीही लावला जाणार नाही.

आग आणि पाणी

२०२२ साली पेटलेल्या स्कूटरचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत, आम्हीही पाहिले. त्यानंतर सरकारने बॅटरीच्या कसोट्या कडक केल्या, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. आपल्या बस त्यानंतरच्या आहेत. त्यांची बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेट प्रकारची आहे: वजनाला जड, पण सहजी भडकत नाही. आग लागूच शकत नाही असं कोणत्याही गाडीबद्दल म्हणता येत नाही, डिझेलच्याही नाही. म्हणून दर महिन्याला मुलांकडून मागच्या दाराने उतरण्याचा सराव करून घेणार आहोत.

पावसाचं म्हणाल तर अर्धा तास एक मीटर पाण्यात राहूनही आत पाणी शिरू नये, या कसोटीला ही बॅटरी उतरलेली आहे. पण वंदना टॉकीजपाशी पाणी कसं भरतं ते ठाणेकरांना आम्ही काय सांगावं! अर्धं चाक बुडेल इतकं पाणी दिसलं की बस थांबेल आणि ग्रुपवर मेसेज येईल. कारण बॅटरी नाही. पाण्याखाली उघडं मॅनहोल असेल तर ते कुठल्याच ड्रायव्हरला दिसत नाही.

फी कमी होणार का?

नाही. किलोमीटरला युनिटभर वीज लागते, ती डिझेलपेक्षा बरीच स्वस्त पडते, हे खरं. पण बसची किंमत डिझेल बसच्या दुपटीच्या वर गेली आणि बँकेचा हप्ता त्या मानाने आहे. राज्याच्या धोरणामुळे मोटार वाहन कर वाचतो. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतलं बसचं अनुदान सार्वजनिक वाहतुकीसाठी आहे, आमच्यासारख्यांना नाही. म्हणून यंदा फी आहे तीच. या चार मार्गांवर “डिझेल वाढलं” हे कारण आम्हाला यापुढे सांगता येणार नाही, ते पालकांनी अवश्य लक्षात ठेवावं.

पहिले पंधरा दिवस

चाचणीच्या वेळी दोन-तीन मुलांना मळमळलं. ड्रायव्हरचा पाय डिझेलला सरावलेला. पाय उचलला की ही बस ब्रेक लावल्यासारखी लगेच मंदावते आणि मुलं पुढे झुकतात. आठवड्याभरात त्याच ड्रायव्हरचा हात बसला. तरी ज्यांना बस लागते त्यांना सुरुवातीला पुढच्या सीटवर बसवू, मावशींना तसं कळवा. सकाळी पोटभर दूध पाजून पाठवू नका.

सहलीला मात्र डिझेल बसच जाईल. अलिबागला जाताना चाळीस मुलं चार्जरपाशी तासभर बसवून ठेवायची आमची हिंमत नाही.

शाळा सुरू होण्याआधीच्या शनिवारी दुपारी चार ते सहा बस चारही मार्गांवरच्या सोसायट्यांच्या गेटवर येऊन थोडा वेळ थांबतील. आत बसून पाहा, ड्रायव्हरकाकांना हवं ते विचारा. आजी-आजोबांनाही आणा; दुपारी मुलांना घ्यायला बहुतेक तेच उभे असतात, आणि आवाजावर भिस्त त्यांचीच जास्त.