चेन तुटेपर्यंत चालते?

"तुटली की बदलू," हे मुंबईच्या आरे कॉलनीत रविवारी सायकल दामटणाऱ्यांत वर्षानुवर्षं चालत आलंय. साध्या सायकलला खपून जायचं. पण पेडलपाशी मोटर असलेल्या ई-माउंटन बाइकमध्ये पायाचा आणि मोटरचा, दोन्ही जोर चेनवरूनच जातो. (मोटर चाकाच्या हबमध्ये असेल तर तिचा भार चेनवर येत नाही.)

आणि चेन रबरासारखी ताणत नाही, आतल्या पिना झिजतात. पट्टी लावा: पिनेच्या मध्यापासून मोजलेल्या २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, जास्त भरलं की ११-१२ गिअरवाल्यांनी बदलायचीच. नाहीतर ती कॅसेटचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचे, दातही खाते, मग नवी चेन त्यावर घसरत बसते. पावसाळ्यात चिखल पॉलिश पेपरसारखा घासतो. तेव्हा पट्टी जरा लवकर लावा.