दुसऱ्यांदा कॅट दिली तर मार्क कापतात?

"कॅट पहिल्याच झटक्यात काढायची. परत दिली तर आयआयएमवाले मागचा निकाल बघून मार्क कापतात." कॅट म्हणजे आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांमधल्या एमबीए प्रवेशाची परीक्षा; तिच्याबद्दल कॉलेजात असल्यापासून हे ऐकतेय. परवा मावसबहिणीनंही हेच कारण सांगत फॉर्म भरायचं टाळलं, म्हणून स्पष्ट लिहिते: असं काही होत नाही.

कॅट वर्षातून एकदाच, नोव्हेंबरच्या शेवटी होते. तिचा स्कोअर पुढच्या एकाच प्रवेशफेरीपुरता चालतो आणि किती वेळा द्यायची यावर बंधन नाही. स्कोअरकार्डावर त्याच वर्षीचे आकडे असतात. जुन्या-नव्याची सरासरी कुणी काढत नाही. जीमॅट ही एमबीए प्रवेशाची आंतरराष्ट्रीय परीक्षा तर 12 महिन्यांत 5 वेळा देता येते, फक्त मध्ये 16 दिवस जावे लागतात.

खरा अडथळा वेगळा आहे. बऱ्याच आयआयएममध्ये दहावी, बारावी, पदवीचे गुणही धरतात आणि ते कितीही वेळा कॅट दिली तरी हलत नाहीत. मुलाखतीत 'मधलं वर्ष काय केलंस?' हेही विचारतात, त्याचं उत्तर हातात हवं.

बहिणीची रिस्पॉन्स शीट, म्हणजे तिनं परीक्षेत दिलेल्या उत्तरांची नोंद, घेऊन आम्ही दोघी बसलो. क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, पर्यायांचे 9 प्रश्न चुकलेले, म्हणजे 9 गुण वजा. त्यातले 6 तिनं शेवटच्या पाच मिनिटांत अंदाजानं ठोकले होते. आणि उत्तर टाइप करायचे प्रश्न, ज्यांना वजा गुणच नसतात, ते मात्र घाबरून कोरे सोडलेले.