दरवेश

दरवेश : सूफी मार्गातील विरक्त, बहुधा भिक्षेवर राहणारा साधक. शब्द फार्सी, मूळ अर्थ ‘गरीब’. अरबी ‘फकीर’चा अर्थही तोच.

‘दर’ म्हणजे दार, म्हणून दारोदार फिरतो तो दरवेश, अशी फोड पुष्कळदा केली जाते. ती लोकव्युत्पत्ती असावी. कारण शब्दाची जुनी रूपे मिळतात आणि त्यांत दार कुठेच नाही. पहलवीत, म्हणजे इस्लामपूर्व मध्य फार्सीत, ‘द्रियोश’, अवेस्तात, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘द्रिगु’. पारशी लोक आजही म्हणतात त्या अहुनवर प्रार्थनेत (अवेस्तातील यस्न २७.१३) ‘द्रिगुब्यो’, म्हणजे ‘गरिबांना’, हे चतुर्थीचे अनेकवचन आहे, संस्कृत ‘-भ्यः’शी त्याचे नाते उघड दिसते. या प्रार्थनेचा काळ वादग्रस्त असला, तरी इ. स. पू. दुसऱ्या सहस्रकाची अखेर हा अंदाज अधिक सयुक्तिक वाटतो. ‘द्रियोश’मधील ओकाराचा पुढे एकार कसा झाला, ही अडचण उरतेच, पण तेवढ्यावरून ही परंपरा नाकारता येत नाही.

पहलवी ग्रंथांत असेल त्यात समाधान मानणारा ‘द्रियोश’ आणि गरिबीवर कुरकुरणारा ‘श्कोह’ असा भेद केलेला आढळतो. शब्दाला विरक्तीची छटा सूफींच्या आधीच आली असावी, असे त्यावरून म्हणता येते. इस्लामपूर्व इराणच्या सासानी राजवटीत ‘गरिबांचा कैवारी’ या अर्थाचे एक अधिकारपदही होते व त्याच्या मुद्रा (शिक्के) उपलब्ध आहेत. फार्सी कवी सादीच्या ‘गुलिस्तान’मध्ये (१२५८) दुसरे प्रकरण दरवेशांच्या आचरणावर आहे, तिथे अर्थ पूर्णपणे सूफी झालेला दिसतो.

इराणात आज ‘दर्वीश’ म्हणतात. भारतातील फार्सीने जुना एकार राखला, म्हणून आपल्याकडे दरवेश. तुर्की रूप ‘देर्विश’. गिरक्या घेणारे दरवेश कोन्या शहरातील, कवी रूमीच्या अनुयायांच्या मौलवी (मेव्हलेवी) परंपरेचे. तुर्कस्तानात त्यांचे मठ १९२५ मध्ये कायद्याने बंद झाले. इराणी दरवेशाच्या हातातील कशकूल हे भिक्षापात्र पुष्कळदा दर्याई नारळाच्या अर्ध्या करवंटीचे, काळे व नावेसारखे असते.

मराठीत ‘दरवेशी’ म्हटले की तसबीह (जपमाळ) ओढणारा साधक सहसा आठवत नाही. आठवतो तो अस्वलवाला. हे लोक दोरीने बांधलेले अस्वल गावोगाव नाचवीत आणि मुलांची भीती जावी म्हणून त्याच्या केसांचे ताईत विकत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा व्यवसाय ओसरत गेला. जमातीचे नाव मात्र महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत आहे.