राजस्पर्श

गंडमाळ झालेल्या माणसाच्या मानेला व गालांना राजाने किंवा राणीने हात लावायचा आणि त्या हाताने रोग हटतो असे मानायचे, ही इंग्लंडमधील जुनी प्रथा. फ्रान्सचे राजेही असा स्पर्श करीत. इंग्लंडमध्ये ती मध्ययुगात रुजली, ट्यूडर व स्टुअर्ट या राजघराण्यांच्या काळात भरास आली आणि १७१४ मध्ये राणी ॲनच्या मृत्यूबरोबर तिथल्या दरबारातून उठली. राजसत्ता आणि धर्म यांचे नाते त्या दोनशे-सव्वादोनशे वर्षांत कसकसे बदलले, हे कायद्यांपेक्षाही या एका विधीत जवळून दिसते.

गंडमाळेत मानेतल्या ग्रंथी सुजतात, त्यांच्या गाठी होतात, गाठी फुटून पू वाहतो आणि जखम भरली तरी वण उरतात. हा क्षयाचाच एक प्रकार. रोगट गाईच्या कच्च्या दुधातूनही तो होई. इंग्लंडमध्ये त्याला ‘राजाचा रोग’ म्हणत, कारण उतारा राजाकडे. आपल्याकडेही क्षयाला राजयक्ष्मा म्हणतात, पण ते नाव सोमराजाच्या कथेतून आलेले. दोन्ही नावांत राजा यावा हा निव्वळ योगायोग. या रोगाने माणूस सहसा दगावत नसे. गाठी आपोआप बसत, महिनोन्‌महिने त्रास नसे, मग एखाद्या हिवाळ्यात पुन्हा उठत. राजाला भेटून आल्यावर गाठ बसली की त्याचे श्रेय कुणाला जाणार, हे उघड आहे. ज्यांची बसली नाही, ते आपली श्रद्धा कमी पडली म्हणून स्वतःलाच दोष देत. त्या लोकांना भाबडे ठरवणे सोपे आहे, पण क्षयावर गुण देणारे औषध विसाव्या शतकापर्यंत कुणाकडेच नव्हते.

परंपरा या शक्तीचा उगम १०६६ मध्ये वारलेल्या संत राजा एडवर्डपर्यंत नेते. खात्रीचा पुरावा मात्र तेराव्या शतकातला: पहिल्या एडवर्डच्या हिशेबवह्यांत आशीर्वाद दिलेल्या रोग्यांना प्रत्येकी एक पेनी दिल्याच्या नोंदी आहेत. पेनीच्या जागी सोने आले ते सातव्या हेन्रीच्या काळात. १४८५ मध्ये लढाई जिंकून गादीवर बसलेल्या या राजाचा वारसाहक्क कच्चा होता. त्याच्या कारकिर्दीत विधीला ठरावीक प्रार्थनांचे रूप मिळाले आणि रोग्याच्या गळ्यात ‘एंजल’ नावाचे सोन्याचे नाणे घातले जाऊ लागले. नाण्यावर भाल्याने राक्षसी सर्पाला मारणारा देवदूत मायकेल असे. लोक ते ताइतासारखे जपत.

खरा पेच पुढे आला. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये पोपशी संबंध तोडले आणि इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख तो स्वतः झाला. १५३८ मध्ये कँटरबरीचे थॉमस बेकेटचे समाधिस्थळ उद्ध्वस्त करण्यात आले. राजाशी भांडून प्राण गमावलेल्या या संताकडे लोक शतकानुशतके नवस फेडायला येत. मठ बंद झाले, संतांचे अवशेष फेकले गेले, चमत्कारांवर बोलणे ही अंधश्रद्धा ठरली. राजाचा चमत्कार तेवढा राहिला. पूर्वी रोग्याला जायला पन्नास जागा होत्या. आता राजवाड्याचे दार उरले. चर्चचे प्रमुखपद कायद्याने मिळाले होते, पण ते देवाने दिले आहे हे सामान्य माणसाला दिसे ते इथे.

कॅथलिक राणी मेरी स्पर्शाबरोबरच गुड फ्रायडेला अंगठ्याही मंत्रून देई. त्या पेटके व अपस्मारावर चालतात अशी समजूत होती. तिच्यानंतर १५५८ मध्ये आलेल्या एलिझाबेथने अंगठ्या बंद केल्या, स्पर्श मात्र ठेवला. १५७० मध्ये पोपने तिला धर्मबहिष्कृत करून प्रजेला राजनिष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. यावर तिचा धर्मोपदेशक विल्यम टुकर याने १५९७ मधील आपल्या ग्रंथात राणीच्या हातून बरे होणाऱ्यांची साक्ष काढली: बहिष्कार खरा असता तर देवाने ही देणगी तिच्याकडे राहू दिली असती का?

१६०३ मध्ये स्कॉटलंडहून आलेल्या पहिल्या जेम्सला हे सारे मनापासून पटत नव्हते. चमत्कारांचे युग संपले, अशी त्याची प्रॉटेस्टंट धारणा होती. पण इंग्लंडच्या राजाने हा हक्क सोडणे म्हणजे गादीचा एक पाया स्वतः काढून घेणे, हे सल्लागारांनी त्याला पटवले. नाण्याने रोग्यावर क्रूसाची खूण करणे त्याने वगळले आणि स्पर्श ही प्रार्थना आहे, चमत्कार नव्हे, अशी तोड काढली.

त्याचा मुलगा पहिला चार्ल्स १६४७ मध्ये पार्लमेंटचा कैदी असतानाही रोग्यांच्या झुंडी त्याच्याकडे येत, इतक्या की पार्लमेंटला या अंधश्रद्धेविरुद्ध जाहीरनामा काढण्याचा विचार करावा लागला. ३० जानेवारी १६४९ रोजी लंडनच्या व्हाइटहॉल राजवाड्यातील मेजवानीगृहाबाहेर त्याचा शिरच्छेद झाला. लोकांनी त्याच्या रक्तात रुमाल भिजवून नेले, आणि त्या रुमालांनीही रोग बरे होतात असे बोलले जाऊ लागले.

राजेशाही परतली तेव्हा जुलै १६६० मध्ये दुसरा चार्ल्स स्पर्शविधीला बसला तो याच मेजवानीगृहात. वर छतावर त्याच्या आजोबांना स्वर्गात नेणारी रूबेन्सची चित्रे, खाली छत्राखाली राजा. जॉन एव्हलिनने रोजनिशीत तो प्रसंग टिपला आहे. शस्त्रवैद्य एकेका रोग्याला पुढे आणत, रोगी गुडघे टेकी, राजा दोन्ही हातांनी त्याचे गाल कुरवाळी आणि त्याच क्षणी धर्मोपदेशक म्हणे, ‘त्याने त्यांच्यावर हात ठेवले आणि त्यांना बरे केले.’ सगळ्यांची एक फेरी झाली की दुसरी. या वेळी पांढऱ्या फितीत ओवलेले सोन्याचे नाणे राजा स्वतः गळ्यात घाली. पू वाहणाऱ्या जखमांजवळ, अनोळखी गरिबाच्या चेहऱ्यावर राजाचा उघडा हात. दरबारातल्या बड्यांनाही असा स्पर्श मिळत नसे.

सोन्यापायी तोतयेही येत. म्हणून पूर्वी कधी स्पर्श झालेला नाही असा दाखला आपल्या पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक चर्चच्या, धर्मगुरूकडून आणावा लागे. शस्त्रवैद्य रोग तपासून चिठ्ठी देत. उन्हाळ्यात साथीच्या भीतीने विधी बंद ठेवीत. राजाचा शस्त्रवैद्य जॉन ब्राउन याने १६८४ मध्ये छापलेल्या नोंदींची बेरीज ९० हजारांवर जाते, आणि तीही १६८२ पर्यंतचीच. त्याच १६८४ च्या मार्चमध्ये चिठ्ठ्यांसाठी शस्त्रवैद्याच्या दाराशी इतकी रेटारेटी झाली की सहा-सात जण चेंगरून मेले, असे एव्हलिन लिहितो. चार्ल्सचा अनौरस मुलगा मॉन्मथचा ड्यूक १६८० मध्ये पश्चिम इंग्लंडमध्ये फिरताना रोग्यांना हात लावू लागला, तेव्हा त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही: तो गादीवर हक्क सांगत होता.

कॅथलिक दुसऱ्या जेम्सने विधीत कॅथलिक पाद्री व लॅटिन प्रार्थना परत आणल्या. त्याला गादीवरून हटवणाऱ्या १६८८ च्या क्रांतीनंतर आलेल्या तिसऱ्या विल्यमने स्पर्श करायचेच नाकारले. पार्लमेंटच्या मान्यतेने मिळालेल्या मुकुटाला या पुराव्याची गरज उरली नव्हती. ॲनने प्रथा पुन्हा सुरू केली; जर्मनीहून आलेल्या पहिल्या जॉर्जने ती सोडली, आणि हद्दपार स्टुअर्ट परदेशात आपला हक्क म्हणून ती चालवत राहिले.

ॲनने हात लावलेल्यांत लिचफील्डच्या पुस्तकविक्रेत्याचा अडीच वर्षांचा मुलगा होता. गावातले वैद्य सर जॉन फ्लॉयर यांच्या सल्ल्याने आईने त्याला १७१२ च्या मार्चमध्ये लंडनला आणले होते. हा मुलगा म्हणजे पुढचा कोशकार सॅम्युएल जॉन्सन. हिरे ल्यालेली, लांब काळे शिरोवस्त्र घेतलेली एक बाई त्याला अंधुक आठवे. गुण आला नाही. गाठी कापाव्या लागल्या आणि वण जन्मभर राहिले. राणीने दिलेले नाणे त्याने आयुष्यभर गळ्यात ठेवले. आज ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.