१८१८ नंतर पुण्यात ‘बायबलचा कायदा’ लागू झाला का?

पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पुण्यात ख्रिस्ती कायदा लादला, असे सर्रास सांगितले जाते. ते खरे नाही.

मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या काळातल्या १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनचे (मुंबई सरकारने केलेल्या कायद्याचे) २६ वे कलम पाहा. दिवाणी दाव्यात आधी पार्लमेंटचे कायदे आणि सरकारी रेग्युलेशन. ते नसतील तर देशाचा रिवाज. तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा, म्हणजे तो हिंदू असेल तर शास्त्र. आणि काहीच हाती नसेल तर न्याय, समता व सद्विवेक. बायबल या यादीत कुठेच नाही. रिवाज शास्त्राच्याही आधी येतो, हे मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. याच काळात आर्थर स्टील या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या जातींच्या चालीरीती गोळा केल्या. त्याच वर्षीच्या दुसऱ्या रेग्युलेशनने तर अब्रूच्या भरपाईचे दावे सोडून जातीच्या प्रश्नांत कोर्टाला हात घालू दिला नाही. शास्त्रार्थ सांगायला कोर्टाचे शास्त्री होते. ती पदे १८६४ मध्ये गेली.

मग ख्रिस्ती प्रभाव शून्य होता? तसेही नाही. १८५० चा २१ वा कायदा पाहा: धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून वारसा हक्क जाणार नाही. मिशनऱ्यांना हेच हवे होते आणि सनातन्यांनी कडाडून विरोध केला. पण कायद्याची भाषा सर्व धर्मांना सारखीच होती. धर्मांतरिताचा हिस्सा वाचला. घरच्यांचे वारसानियम होते तसेच राहिले.