पाव मोठा, बीफ कुठंय?

1984 साली अमेरिकेत वेंडीज या बर्गर कंपनीची एक जाहिरात टीव्हीवर लागली. काउंटरपाशी तीन म्हाताऱ्या, पुढ्यात गुबगुबीत भलामोठा पाव. दोघी पावाचं कौतुक करतात. वरचा भाग उचलला, तर आत एवढीशी टिक्की. तिसरी, क्लारा पेलर, खेकसते: ‘बीफ कुठंय?’

या खेकसण्यात हसू का येतं? मेंदू एक अंदाज बांधतो, तो फसतो आणि का फसला ते उमगलं की हसू फुटतं. जेरी सल्स या मानसशास्त्रज्ञाने हा दोन टप्प्यांचा नमुना 1972 मध्ये मांडला. ही यंत्रणा सगळ्यांची एकच. बदलतं ते हे, की टपली कुणाला बसते.

वेंडीजची टपली प्रतिस्पर्ध्यांना होती. त्याला कायद्याचीही साथ होती: माहिती खरी असेल तर स्पर्धकाचं नाव घ्यायला हरकत नाही, अशी अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेची 1979 पासून उघड भूमिका आहे. युरोपीय संघाने तुलनात्मक जाहिरातीला सामाईक मुभा दिली ती 1997 मध्ये, तीही स्पर्धकाची नालस्ती करायची नाही या अटीवर. आयर्लंडमध्ये मात्र जाहिरातीची टपली स्पर्धकाला नाही, स्वतःलाच बसते. पण त्याचं खरं कारण कायद्यापेक्षा जुनं आहे. तिथे मित्राची प्रेमाने खेचण्याला ‘स्लॅगिंग’ म्हणतात, आणि जो स्वतःची आरती ओवाळतो त्याला ‘नोशन्स’ आलेत, म्हणजे स्वारी शेफारलीय, असं म्हणतात. ‘आमचा माल सर्वोत्तम’ असं सरळ सांगणारी कंपनी तिथे स्वतःहून खेचून घ्यायला उभी राहते.

म्हणून गिनेस या आयरिश बिअर कंपनीने 1994 मध्ये आपलीच उणीव पुढे केली. ही बिअर नीट ओतायला कंपनीच्याच हिशेबाने 119.5 सेकंद लागतात: ग्लास 45 अंशांत तिरका धरून पाऊण भरायचा, फेस वर बसेपर्यंत थांबायचं, मग उरलेला भरायचा. नायट्रोजनचे बारीक बुडबुडे सावकाश स्थिरावतात, त्याला इलाज नाही. जाहिरातीत गिऱ्हाईक त्या ग्लासाभोवती पेरेझ प्राडो या क्यूबन संगीतकाराच्या मॅम्बोवर, म्हणजे ठेकेदार नाचगाण्यावर, वेड्यासारखा नाचतो. संवाद एकही नाही. हसं होतं ते तहानलेल्या गिऱ्हाइकाचं आणि संथ मालाचं. बिअर चांगली आहे हे कुणी सांगत नाही, पण एवढी वाट पाहतोय म्हणजे असणारच.

हा विनोद जसाच्या तसा उचलून समुद्रापार नेला की फसतो. गिनेसचा ग्लास भरायला थांबावं लागतं हे ज्याला ठाऊक नाही, त्याच्या मेंदूत दुसरा टप्पा घडतच नाही. दिसतो नुसता नाचणारा माणूस. उलट बाजूने, अमेरिकेत 1964 मध्ये लकी चार्म्स या नाश्त्याच्या सीरियलच्या जाहिरातीसाठी हिरव्या कोटातला लेप्रिकॉन, म्हणजे आयरिश लोककथांमधला बुटका, आला. असल्या साचेबंद आयरिशपणाला आयर्लंडमध्ये ‘पॅडीव्हॅकरी’ म्हणतात, आणि ते काही कौतुकाने नव्हे.

जाहिरात लिहिणाऱ्याने एक चाचणी जरूर करावी: विनोद काढून टाकला तर मालाचा मुद्दाही निघून जातो का? जात असेल, तर विनोद मालाला बांधलेला आहे. गिनेसमधून थांबणं काढलं तर काहीच उरत नाही. वेंडीजचाही मुद्दा, ‘आमच्यात मांस जास्त’, विनोदातच होता, पण लोकांच्या लक्षात राहिला तो पेलरबाईंचा चेहरा. 1985 मध्ये त्याच बाई प्रेगो या दुसऱ्याच कंपनीच्या सॉसच्या जाहिरातीत ‘सापडलं!’ म्हणाल्या, आणि वेंडीजने त्यांचं काम थांबवलं.